तिथी पाहून निघावं असा किनारा

गुहागरपासून दक्षिणेला राजापूर तालुक्यातल्या आंबोळगडापर्यंतचा किनारा वाळूपेक्षा कातळाचाच जास्त आहे. दोघंच गाडी काढून कोकणात आलेली बहुतेक जोडपी गणपतीपुळ्याला दर्शन घेतात, आरे-वारेच्या वळणावर फोटो काढतात आणि परतीला लागतात. खडकाळ किनारा मात्र या टप्प्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आहे आणि तो गाडीच्या काचेतून फारसा दिसत नाही. रस्ता जातो वरून, सड्यावरून. समुद्र राहतो खाली, कड्याच्या पायथ्याशी.

हा सडा जांभ्याचा. त्याच्याखाली काळा पाषाण, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट. लाखो वर्षांच्या उष्ण, दमट हवेत आणि धुवाधार पावसात या खडकातली सिलिका झिरपून गेली, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरली आणि वर जांभ्याचं लाल, सच्छिद्र टोपण तयार झालं. कोकणातल्या घरांचे चिरे याच दगडाचे. जांभ्याचा वरचा थर उन्हावाऱ्याने कडक होतो. त्याच्या पोटातला मात्र पुष्कळदा मऊ, मातकट असतो. लाटा आणि पाऊस तो पोखरतात, वरचं टोपण अधांतरी राहतं आणि एखाद्या पावसाळ्यात कोसळतं. किनाऱ्यावर खाली पडलेले मोठमोठे लाल धोंडे असेच आले आहेत. कड्याच्या अगदी टोकाला उभं राहून जोडीने सेल्फी काढणाऱ्यांनी आपल्या पायांखाली काय आहे, हे एकदा बाजूने जाऊन बघावं.

नकाशापेक्षाही इथे पंचांग उपयोगी पडतं. किनाऱ्यावरच्या जाणत्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते आणि साधारण सहा तासांनी ओहोटी येते. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. तासाभराचा फरक पडतो, त्यामुळे गावात विचारून खात्री करून घ्यावीच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि ओहोटीला तितकंच जास्त आत जातं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, ती बेताची.

आता द्वादशी धरा. बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे सकाळी नऊला भरती आणि दुपारी तीनच्या सुमारास ओहोटी. एकाच दिवसात या किनाऱ्याची दोन्ही रूपं पाहायची असतील, तर याच्याइतकी सोयीची तिथी क्वचितच मिळेल.

सकाळची भरती हेदवीला गाठावी. दशभुजा गणपतीचं देऊळ गावात आहे, पण किनाऱ्यावरच्या उमा-महेश्वराच्या देवळामागून खडकात गेलं की बामणघळ लागते. काळ्या पाषाणातली एक भेग लाटांनी रुंदावत नेली आहे. भरतीची लाट या चिंचोळ्या घळीत शिरते, पुढे जायला जागा नसते आणि सगळं पाणी गर्जना करत कित्येक फूट उंच उसळतं. ओहोटीला इथे आलेली माणसं 'एवढंच?' म्हणून परततात, त्यात घळीचा काही दोष नाही. पावसाळ्यात मात्र इथे फिरकू नये, आणि एरवीही शेवाळलेल्या खडकावर पुढे सरकत जायचा मोह टाळावा.

तिथून तवसाळला यायचं आणि गाडीसकट फेरीबोटीत चढून शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगडला उतरायचं. स्थानिक लोक या बोटीला जंगलजेट्टी म्हणतात. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या आराखड्यात या खाडीवर पूल आहे. तो झाला की वेळ वाचेल, पण गाडीतून उतरून वारा खात खाडी बघायची सक्तीची सुट्टीही जाईल.

जयगड, आरे-वारे, रत्नागिरी, पावस हा टप्पा न रेंगाळता पार करावा. पूर्णगडाशी मुचकुंदी नदी समुद्राला मिळते. पूल ओलांडून गावखडीमार्गे कशेळीला पोचेपर्यंत पाणी उतरू लागलेलं असतं.

कशेळीचं कनकादित्य मंदिर हे सूर्याचं, आणि महाराष्ट्रात सूर्यमंदिरं मोजकीच. शिलाहार राजा दुसरा भोज याचा 1191 सालचा ताम्रपट या गावाशी जोडलेला आहे. आख्यायिका सांगते की प्रभासपट्टणहून निघालेलं एका व्यापाऱ्याचं गलबत इथे अडलं, त्याने आदित्याची मूर्ती समुद्रकड्यातल्या गुहेत ठेवली, आणि कनका नावाच्या गणिकेला दृष्टांत होऊन ती मूर्ती गावात आली. कथा खरी-खोटी कशीही असो, कड्यात गुहा खरोखरच आहे. तिथली वाट अवघड आहे, माहीतगार माणूस सोबत नसेल तर जाऊ नये. त्यापेक्षा देवघळीला वरून उभं राहून बघावं: दोन कड्यांच्या बेचक्यात अडकलेली छोटीशी पुळण. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवर कालवं चिकटलेली असतात आणि कातळातल्या डबक्यांत खेकडे, मासळीची पिल्लं अडकलेली दिसतात.

ऊन तिरपं झालं की सड्यावर परत यावं. कशेळीच्या सड्यावर हत्तीची एक प्रचंड आकृती कोरलेली आहे, सुमारे 18 मीटर लांब, आणि तिच्या पोटात इतर अनेक प्राण्यांच्या आकृती. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव फिरून अशी असंख्य कातळशिल्पं उजेडात आणली. कशेळी, बारसू, उक्षी, देवीहसोळ, कुडोपी अशी कोकणातली नऊ ठिकाणं 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेली. ही शिल्पं कोणी कोरली, याचा पत्ता लागलेला नाही.

भर दुपारी हा हत्ती जवळजवळ दिसत नाही, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात रेषांच्या कडांची सावली पडते आणि तो उमटतो. म्हणून एक विनंती: फोटो चांगला यावा म्हणून त्या रेषांमध्ये रांगोळी, चुना किंवा खडू भरू नका, चिऱ्यांच्या कुंपणाआत गाडी नेऊ नका, आणि आकृतीवरून चालू नका.