चिन्नोरचा वास येतो कुठून?

काल तुमसरला मावशीकडे कुकरची शिट्टी झाली अन् घरभर चिन्नोर तांदळाचा वास दरवळला. रसायनशास्त्र शिकवणारा मी, गप्प कसा बसणार!

सुगंधी तांदळातला मुख्य वासाचा रेणू म्हणजे २-अ‍ॅसिटाइल-१-पायरोलिन. रॉन बटरी आणि सहकाऱ्यांनी तो १९८२ मध्ये ओळखला. पाण्यात अब्जात ०.१ भाग असला तरी नाकाला कळतो.

गंमत पुढे आहे. साध्या भातात बीएडीएच२ नावाचं एन्झाइम या रेणूचा कच्चा माल भलतीकडेच वळवतं. बासमतीत त्याच्या जनुकातली ८ अक्षरं गळलेली आहेत. एन्झाइम बिघडलं, म्हणून वास आला! आता जनुक-संपादनाने तेच बंद पाडून बिनवासाचा भातही सुगंधी करता येतो.

हा रेणू उडून जातो. त्यामुळे तांदूळ जुना झाला की वास कमी होतो. आपला जीआयवाला (भौगोलिक मानांकन मिळालेला) चिन्नोर घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा.

काही शंका? खाली विचारा.