ऑस्ट्रेलियाचे दोन नकार

युद्ध ऐन भरात असताना, मृतांच्या व जखमींच्या याद्या वर्तमानपत्रांतून नित्य प्रसिद्ध होत असताना, एखाद्या सरकारने आपल्या नागरिकांना, तुमची मुले परमुलखातील रणांगणावर सक्तीने धाडण्याचा अधिकार आम्हांस द्याल काय, असे विचारावे आणि त्या नागरिकांनी, शत्रूविषयी यत्किंचितही ममत्व नसताना, नाही म्हणून सांगावे, हा प्रसंग इतिहासात विरळा. ऑस्ट्रेलियात तो पहिल्या महायुद्धाच्या काळात दोनदा घडला.

१९०३ च्या संरक्षण कायद्याप्रमाणे स्वदेशरक्षणासाठी नागरिकांना सक्तीने पाचारण करण्याची मुभा सरकारला होती; मात्र देशाबाहेर लढणारा शिपाई स्वखुशीनेच भरती झालेला असला पाहिजे, असा दंडक होता. आरंभी स्वयंसेवकांची वाण पडली नाही. परंतु जुलै १९१६ मध्ये फ्रान्समधील फ्रोमेल येथे एका रात्रीत साडेपाच हजार ऑस्ट्रेलियन सैनिक मृत, जखमी अथवा बंदिवान झाले, पाठोपाठ पोझिएरच्या लढाईने आणखी हजारोंचा बळी घेतला, आणि पंतप्रधान बिली ह्यूज यांना स्वखुशीची भरती अपुरी वाटू लागली. आपल्याच मजूर पक्षाचे सेनेटमधील सभासद सक्तीचा कायदा संमत होऊ देणार नाहीत, हे ओळखून त्यांनी प्रश्न थेट लोकांपुढे मांडला.

विरोधकांत एकजिनसीपणा नव्हता. कामगार संघटनांना वाटे की आज शिपायावर आलेली सक्ती उद्या कारखान्यातील मजुरावर येईल. आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी झालेला डब्लिनचा उठाव इंग्रजांनी चिरडलेला पाहून आयरिश वंशाचे कॅथलिक क्षुब्ध झाले होते आणि मेलबर्नचे धर्माधिकारी डॅनियल मॅनिक्स त्यांच्या भावनेला निर्भयपणे वाचा फोडीत होते. स्त्रियांना मताधिकार होता, म्हणून दोन्ही पक्ष त्यांचे मन वळवू पाहात. व्हिडा गोल्डस्टीन यांच्या महिला शांतिसेनेने सभा आणि मिरवणुका यांचा धडाका लावला. एका पत्रकावर, मत देताना विचारात पडलेली आई चितारली होती. तिच्या हातून परक्या आईच्या मुलाला मृत्युदंड दिला जाऊ नये, हा त्याचा आशय.

ह्यूज यांनी कौल लागण्यापूर्वीच फर्मान काढून एकवीस ते पस्तीस वयाच्या अविवाहित पुरुषांना छावणीत हजर होण्यास सांगितले. सूट मागणाऱ्यांच्या बोटांचे ठसे घेतले गेले. त्यावरही कडी म्हणजे, मतदानास येणाऱ्या तरुणांकडे या फर्मानाविषयी चौकशी करावी असा हुकूम त्यांनी काढविला, तेव्हा त्यांच्याच मंत्रिमंडळातील तिघांनी मतदानाच्या आदल्या दिवशी राजीनामे दिले. लोकांची संमती मागणाऱ्याने लोकांवर इतका अविश्वास दाखवावा, हीच सक्तीविरुद्धची सर्वांत बोलकी साक्ष होती असे मला वाटते.

या चळवळीची एक लाजिरवाणी बाजू मात्र झाकून ठेवता येत नाही. गोरे पुरुष रणांगणावर गेले की त्यांच्या जागी स्वस्त परदेशी मजूर आणले जातील, हे भय विरोधकांनी हिरीरीने पसरविले. नेमक्या त्याच सुमारास 'गांज' नावाच्या बोटीतून दोनशेच्या वर माल्टावासी मजूर येऊन ठेपले. ते ब्रिटिश साम्राज्याचेच प्रजाजन. तरीही मते जातील या धास्तीने ह्यूज सरकारने त्यांची श्रुतलेखन परीक्षा घेतली ती डच भाषेत, आणि नापास ठरवून त्यांना उतरू दिले नाही. न्याय्य मागणीला वर्णद्वेषाचा आधार घ्यावा लागला, याचे दुःख वाटते.

२८ ऑक्टोबर १९१६ रोजी ११,६०,०३३ मते सक्तीच्या विरुद्ध पडली, बाजूने १०,८७,५५७. सैनिकांत मात्र ७२,३९९ जणांनी होकार दिला, तर ५८,८९४ जणांनी नकार. खंदकाचे जीवन भोगलेल्या इतक्या माणसांना ते दुसऱ्यावर लादणे मान्य नव्हते. पुढील वर्षी ह्यूज यांनी पुन्हा कौल मागितला. क्वीन्सलंडचे मुख्यमंत्री टी. जे. रायन यांचे विरोधी भाषण दडपण्यासाठी सरकारी छापखान्यातील विधिमंडळाच्या अहवालाची जप्तीही करविली. २० डिसेंबर १९१७ रोजी पराभवाचे अंतर वाढून १,६६,५८८ मतांचे झाले.

ऑस्ट्रेलियात पहिला कौल घेतला गेला त्याच १९१६ साली मेसोपोटेमियातील कुतच्या वेढ्यात आपल्या मराठा पलटणी शरण जाऊन तुर्कांच्या कैदेत पडल्या. त्यांना तेथे पाठवावे की नाही, हे हिंदुस्थानातील कोणत्याही घरी कोणी विचारले नव्हते.

ऑस्ट्रेलियातील सक्तीविरोधी प्रचारकांपैकी जॉन कर्टिन यांनी ह्यूज यांचे फर्मान मोडून तुरुंगवास पत्करला होता. दुसऱ्या महायुद्धात तेच पंतप्रधान झाले. जपानी सैन्य न्यू गिनीत उतरल्यावर, १९४३ च्या आरंभी, सक्तीने भरती झालेल्या शिपायांना देशाबाहेर नेण्याचा कायदा त्यांनीच संमत करून घेतला. त्यासाठी स्वपक्षीयांचे कठोर शब्द त्यांना ऐकावे लागले. विषुववृत्तापलीकडे मात्र त्या शिपायांना पाठवायचे नाही, ही मर्यादा त्या कायद्यातच घातली होती.