'अप' : शब्द एक, अर्थ अनेक

इंग्रजीतील कांहीं शब्द आकारानें जितके लहान, तितकेच अर्थानें अवघड असतात. 'अप' हा त्यांपैकींच एक. शिकवितांना आम्हीं पाहिलें कीं, मुलें त्याचा अर्थ 'वर' एवढाच घोकतात. परंतु 'गेट अप' म्हणजे ऊठ, 'शट अप' म्हणजे गप्प बैस, 'गिव्ह अप' म्हणजे सोडून दे, आणि 'टाइम इज अप' म्हणजे वेळ संपली! यांत 'वर' कोठें आहे?

कोपर स्थानकावर तर अधिकच मौज. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी धांवली, तेव्हांपासून या मार्गाचें मूळ मुंबई. म्हणून मुंबईकडे जाणारी गाडी 'अप' आणि कल्याणकडे जाणारी 'डाउन'. विलायतेंतही लंडनकडे जाणारी गाडी 'अप'च. एखादा नवखा 'अप' म्हणजे वर असें समजून कोपरचा जिना चढला, तर तो दिवा-वसई मार्गाच्या फलाटावर पोहोंचेल, आणि मुंबईची गाडी खालून निघून जाईल!

परंतु इंग्रजीस हंसण्याचें कारण नाहीं. देवानें दिला तो वर, बोहल्यावर उभा तो वर, आणि माळ्यावर ठेविलेला डबाही वरच! संस्कृतांतही उपसर्ग बदलतांच गम् धातूचें आगमन होतें, निर्गमन होतें आणि संगमही होतो. इंग्रजींत हेंच काम क्रियापदामागून येणारा 'अप' करितो.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलांकडून सुटे अर्थ पाठ करवून न घेतां अख्खीं वाक्यें वाचून घ्यावीं. सुट्या शब्दास अर्थ पुष्कळ. वाक्यांत बसला कीं एकच.