नेकारतीरीं एक दिवस

आमचे कनिष्ठ चिरंजीव नोकरीनिमित्त जर्मनींतील स्टुटगार्ट येथें सहकुटुंब राहतात. हें शहर १९६८ सालापासून मुंबईचें भगिनीनगर आहे. चिरंजीवांच्या आग्रहास्तव आम्ही उभयतां तिकडे तीन महिने राहून आलों. त्या मुक्कामांत एका शनिवारीं जवळच्या ट्यूबिंगेन या विद्यानगरीस जाण्याचा योग आला. त्याची हकीकत वाचकांस सादर करीत आहों.

अंतर सुमारें ४० किलोमीटर. आगगाडीनें तासाभराची वाट. सूनबाईंनीं पहाटे उठून दशम्या व बटाट्याची कोरडी भाजी बांधून घेतली होती. आमचा नऊ वर्षांचा नातू खिडकीशीं बसून स्थानकांचीं नांवें अस्खलित जर्मन उच्चारांत वाचीत होता. आम्हीं विचारलें, "बाळ, देवनागरी कितपत वाचतां येतें?" तो खालीं पाहूं लागला. "एवढा मोठा झालास, आणि आपली लिपि येऊं नये?" असें आम्ही जरा कठोरपणेंच बोललों. पेशा सुटला तरी जिभेची संवय सुटत नाहीं! सूनबाई गप्प राहिल्या. आमच्या कुटुंबानें मात्र आमच्याकडे डोळे वटारून पाहिलें.

ट्यूबिंगेनचें विद्यापीठ १४७७ सालीं काउंट एबरहार्ट यानें स्थापिलें. गांव नेकार नदीच्या कांठीं चढावर वसलें आहे. लांकडी चौकटींचीं उंच घरें, फरसबंद अरुंद गल्ल्या आणि नदींत लांब काठीनें रेटावयाच्या सपाट तळाच्या होड्या. पाण्याच्या कडेस एक पिवळा मनोरा आहे. कवि होल्डरलिन यास चित्तभ्रम झाला, तेव्हां एका सुताराच्या कुटुंबानें त्यास येथें आश्रय दिला. १८०७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १८४३ पर्यंत, छत्तीस वर्षें तो येथेंच राहिला. नात्याचा ना गोत्याचा, अशा माणसाचें इतकीं वर्षें करणाऱ्या त्या घरास आम्हीं मनोमन नमस्कार केला.

टेकडीवरील किल्ल्यांत जुनें स्वयंपाकघर आहे, असें कळतांच आमच्या कुटुंबाचे दुखरे गुडघे एकाएकीं बरे झाले! परंतु तेथें चूल कोठली? त्या जागेंत रसायनशाळा होती. फ्रीड्रिख मीशर यानें १८६९ सालीं इस्पितळांतील पुवानें भरलेल्या पट्ट्यांपासून तेथें एक नवें द्रव्य वेगळें काढलें. आज ज्यास डी. एन. ए. म्हणतात, त्याच्या शोधाचा हा आरंभ.

आमचें मन मात्र दुसरीकडे होतें. पीटर्सबर्ग येथें १८५५ ते १८७५ या काळांत सात खंडांत छापलेल्या संस्कृत कोशाचे एक कर्ते रूडोल्फ रोट हे याच विद्यापीठांतील अध्यापक. अथर्ववेदाची निराळी शाखा काश्मिरांत असावी असें त्यांस वाटलें. इंग्रज सरकारमार्फत शोध झाला, आणि महाराजा रणबीरसिंग यांनीं पाठविलेली पैप्पलाद शाखेची भूर्जपत्रावरील पोथी १८७६ सालीं त्यांच्या हातीं आली. १८९५ सालीं रोट निवर्तल्यावर ती विद्यापीठाच्या ग्रंथालयांत राहिली, व १९०१ सालीं ब्लूमफील्ड आणि गार्बे यांनीं तिची छायाप्रत प्रसिद्ध केली.

नदीकांठच्या बांकावर दशम्या खातांना चिरंजीवांनीं त्या छायाप्रतींतील एक पान भ्रमणध्वनीवर काढून दिलें. आम्हीं चष्मा पुसला, पुन्हा पाहिलें. लिपि शारदा! एक ओळहि धड लागेना. नातू डोकावून म्हणाला, "आजोबा, तुम्हांलाहि वाचतां येत नाहीं?"

सकाळचे आमचे शब्द आम्हांस आठवले, आणि आम्ही ओशाळलों.

"नाहीं रे, येत नाहीं," आम्ही म्हणालों.

"आणि आपलें पुस्तक इथें कां?"

पोथी राजानें स्वखुषीनें दिली व येथें ती जपली गेली, हें आम्हीं सांगितलें. पण तेवढ्यानें उत्तर पुरें होत नव्हतें. पुढें १९५० नंतरच्या दशकांत दुर्गामोहन भट्टाचार्य यांस याच शाखेच्या ताडपत्री पोथ्या ओरिसांतील खेड्यांत मिळाल्या. तेथील ब्राह्मण घराण्यांत ही शाखा पिढ्यान्‌पिढ्या जिवंत होती. ग्रंथालय पोथी राखतें. विद्या राखावयाची तर घरेंच लागतात. मग आमच्या घरानें काय राखलें? नातवास रागें भरणें सोपें होतें. आजवर त्याच्याजवळ बसून 'ग' गिरविण्यास आम्हांस मात्र सवड झाली नव्हती.

परतीच्या गाडींत करार झाला. रोज न्याहारीपूर्वीं अर्धा तास त्यानें देवनागरी शिकावी, आम्हीं शारदा. आणि आठवड्याअखेर एकमेकांची परीक्षा घ्यावी. हें ऐकून सूनबाई दिवसभरांत प्रथमच मोकळेपणीं हसल्या.

ज्यांचीं मुलेंबाळें परदेशीं आहेत, अशा वाचकांस इतकेंच सुचवूं इच्छितों कीं, नातवंडांस बोल लावण्यापूर्वीं त्यांच्याशेजारीं पाटी घेऊन बसावें. आम्ही स्वदेशीं परतलों तेव्हां आमच्या शिष्याचीं जोडाक्षरें चालूं होतीं. आमची शारदा अद्याप स्वरांतच अडली आहे.