मैत्रेयीचा गोंधळ

मंडळी, मागं एका आषाढीला पंढरपुरात कीर्तन आटोपून बसलो होतो. एक म्हातारे माळकरी जवळ आले. म्हणाले, "महाराज, कारभारीण जाऊन सहा महिने झाले. ती असंल का कुठं? मला वळखत असंल का?"

आता बघा, हाच प्रश्न बृहदारण्यक उपनिषदात आहे. याज्ञवल्क्य घर सोडून निघाले. मैत्रेयी आणि कात्यायनी, दोन बायका. त्यांची वाटणी करून देतो म्हणाले. मैत्रेयी म्हणते, धनानं भरलेली पृथ्वी मिळाली तर मी अमर होईन का? नाही? मग ती घेऊन करू काय? (आपल्याकडं वाटणी म्हटलं की आधी बांध मोजतात!)

तेव्हा ऋषींनी मिठाच्या खड्याचा दृष्टांत दिला. खडा पाण्यात विरला की चिमटीत येत नाही, पण घोट कुठलाही घ्या, खारटच. तसा जीव भूतांच्या संगतीनं खडा होऊन उभा राहतो, त्यांच्याबरोबरच विरतो. मेल्यावर संज्ञा उरत नाही. मैत्रेयी गोंधळलीच. विचारलं अमरपण, आणि हे सांगतात जाणीवच नाही!

आचार्यांनी भाष्यात ही गाठ सोडवली आहे. मी अमका, अमक्याचा मुलगा, हे माझं शेत, ही विशेष जाणीव जाते. जाणणारं चैतन्य जात नाही. ते मीठ आहे, खडा नव्हे. समोर दुसरं काही उरलंच नाही, तर कोण कुणाला ओळखणार?

पण थांबा. हे झालं ज्ञानी पुरुषाचं. आपलं एवढ्यात विरत नाही. याच उपनिषदात चौथ्या अध्यायात याज्ञवल्क्य सांगतात, गवतावरची जळू पुढचं पातं धरते आणि मगच मागचं सोडते, तसा जीव जातो. बरोबर विद्या, कर्म आणि पूर्वप्रज्ञा, म्हणजे मागच्या अनुभवाचे संस्कार, एवढं नेतो.

बाबांना मी "हो, ओळखते" म्हणालो नाही. जिभेवर आलं होतं, पण खोटं कसं बोलू? म्हटलं, "बाबा, नावगाव इथंच राहतं. तिनं जन्मभर जे केलं, ते वळण तिच्याबरोबर गेलं."

बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "दारी आलेला वारकरी तिनं कधी उपाशी धाडला न्हाई."

"मग तेच गेलं बरोबर."

त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि विचारलं, "सकाळचा काकडा किती वाजता हाय?"