पूर्णही आणि चालूही

इंग्रजीतल्या ‘परफेक्ट कंटिन्युअस’ काळांना मराठी माध्यमाच्या पुस्तकांत ‘चालू पूर्ण काळ’ म्हणतात. नावातच विसंगती वाटते : क्रिया पूर्ण झाली असेल, तर ती चालू कशी? घोळ ‘पूर्ण’ या शब्दाचा आहे. इथे तो क्रिया संपल्याचे सांगत नाही. एका ठरावीक क्षणी उभे राहून मागे वळून पाहायचे, एवढेच सुचवतो. मागे पाहिल्यावर लांबत गेलेली क्रिया दिसते, हे सांगण्याचे काम ‘चालू’चे.

‘आय हॅव बीन वेटिंग’ हे वाक्य सुटे करून पाहिले, तर त्याची घडण कळते. ‘हॅव’ आले की पुढच्या क्रियापदाला तिसरे रूप घ्यावे लागते, म्हणून ‘बी’चे ‘बीन’ होते. ‘बी’च्या पुढे आलेल्या क्रियापदाला ‘इंग’ लागतो, म्हणून ‘वेट’चे ‘वेटिंग’. प्रत्येक शब्द पुढच्याचे रूप ठरवतो. नोम चॉम्स्की यांनी १९५७ च्या ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ या पुस्तकात ही साखळी नियमात बसवून दाखवली. काळ बदलला तरी बदलते ती साखळीची सुरुवातच : वर्तमानात ‘हॅव’ किंवा ‘हॅज’, भूतकाळात ‘हॅड’, भविष्यात ‘विल हॅव’.

मागे वळून पाहण्याचा क्षण म्हणजे काय, हे जर्मन तत्त्वज्ञ हान्स रायखेनबाख यांनी १९४७ मध्ये मांडले. त्यांच्या मते काळ समजायला तीन बिंदू लागतात : बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण आणि जिथून घटनेकडे पाहायचे तो संदर्भाचा क्षण. वर्तमानात संदर्भ ‘आत्ता’चा असतो. भूतकाळात तो मागे सरकतो : बस आली तेव्हा माणूस तासभर थांबलेला होता, म्हणून ‘हॅड बीन वेटिंग’. भविष्यात तो पुढे जातो : येत्या जूनपर्यंत शिक्षिकेची दहा वर्षे भरणार असतील, तर ‘विल हॅव बीन टीचिंग’.

क्रिया आत्ता चालू असलीच पाहिजे, असेही नाही. सकाळी दार उघडल्यावर अंगण ओले दिसले आणि आभाळ मोकळे असले, तरी ‘इट हॅज बीन रेनिंग’ म्हणता येते. पाऊस थांबला आहे, पण त्याची खूण समोर आहे. ‘आय हॅव रेड द बुक’ म्हणणाऱ्याने पुस्तक वाचून संपवलेले असते. ‘आय हॅव बीन रीडिंग द बुक’ म्हणणाऱ्याच्या पुस्तकात बहुधा अजून खूण घातलेली असते.

सगळ्या क्रियापदांना ही रचना मानवत नाही. ‘नो’, ‘बिलाँग’ यांसारखी क्रियापदे कृती नव्हे, स्थिती सांगतात. म्हणून ओळख वीस वर्षांची असली, तरी ‘हॅव नोन’च म्हणतात, ‘हॅव बीन नोइंग’ नाही.

मराठी माणूस अडखळतो तो वेगळ्याच ठिकाणी. ‘मी सात वाजल्यापासून वाट बघतोय’ या वाक्यात मराठीला साधा चालू वर्तमानकाळ पुरतो. मागचा पल्ला ‘पासून’ सांभाळतो. तेच वाक्य शब्दाला शब्द लावून नेले की ‘आय ॲम वेटिंग सिन्स सेव्हन’ तयार होते. इंग्रजीत एकटे ‘सिन्स’ पुरत नाही, क्रियापदालाही मागे पाहावे लागते. शिवाय ‘सातपासून’ आणि ‘दोन तासांपासून’ या दोन्हींना मराठीत एकच ‘पासून’ चालतो. इंग्रजी मात्र सुरुवातीच्या बिंदूला ‘सिन्स’ आणि कालावधीला ‘फॉर’ वापरते : ‘सिन्स सेव्हन’, पण ‘फॉर टू अवर्स’.

मराठीत या रचनेच्या जवळ जाते ते ‘येणे’ हे सहायक क्रियापद : ‘ती दहा वर्षे शिकवत आली आहे.’ पण त्यात परिपाठाचा अर्थ आहे. थांब्यावरचा माणूस ‘तासभर वाट बघत आलो आहे’ म्हणत नाही. भविष्यात तर मराठी वाक्यच फिरवते : ‘जूनमध्ये तिला शिकवायला लागून दहा वर्षे होतील.’ कर्त्याच्या जागी वर्षे येतात. भाषांतर करताना म्हणूनच काळाचे नाव बाजूला ठेवून दोन प्रश्न विचारावेत : पाहणारा कोणत्या क्षणी उभा आहे, आणि लांबत गेलेली क्रिया किंवा तिची खूण तिथपर्यंत पोहोचते का? दुसऱ्याचे उत्तर ‘हो’ असेल, तर पहिल्याच्या उत्तरावरून ‘हॅव’, ‘हॅड’ की ‘विल हॅव’ हे ठरते.