मराठीतला ‘स्नायू’, हिंदीतला ‘स्नायु’



आपण घरी मराठी बोलतो, इंदूरच्या दवाखान्यात मात्र हिंदी. आजीचा ‘खुबा’ तेथे ‘कूल्हा’ होतो, ‘बरगडी’ची ‘पसली’, ‘पोटरी’ची ‘पिंडली’ होते. पाय मुरगळला की ‘मोच’ येते. हे शब्द वेगळेच असल्याने न समजल्यास डॉक्टर लगेच विचारतात.

खरा घोटाळा सारख्या शब्दाचा. मराठीत ‘स्नायू’ म्हणजे आकुंचन पावून हाड हलवणारे मांस. हिंदीत ती ‘मांसपेशी’. हिंदी विज्ञान-पुस्तकांतला ‘स्नायु’ म्हणजे हाडाला हाड जोडणारा पट्टा, मराठीतला ‘अस्थिबंध’. दोहोंची दुखापत वेगळी, उपचारही वेगळे.

म्हणून मुलांनो, आजी-आजोबांसोबत दवाखान्यात गेल्यास नुसते नाव सांगू नका. दुखरी जागा बोटाने दाखवा, केव्हा दुखते तेही सांगा. दोन्ही भाषा येणे हे आपले भाग्य. ते घरच्यांच्या उपयोगी पडो.